काडीमोडीच्या बैठकीत मी

माझ्या हाताखाली समाजकार्य शिकलेल्या पुष्कळ मुलामुलींना एक प्रसंग माहीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात एका बाईची काडीमोडीची बैठक बसली होती. मी तेव्हा विद्यार्थी होतो. त्या बाईनं मला विश्वासानं काही सांगितलं होतं, बैठकीत सगळ्यांनी ते मला विचारलं आणि मी सांगितलं नाही. प्रशिक्षणवर्गात गोपनीयतेचा धडा आला की मी हा प्रसंग सांगत असे. तो खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा आज लिहितो आहे. नेमका कुठे चुकलो हे लिहितानाही मला नीट सांगता येत नाही. चुकलो एवढं मात्र कळतं.

मी मेहकर तालुक्यातला, हिवऱ्याच्या बाजूचा. मॅट्रिक झालो तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषदा त्याहून नव्या होत्या, आणि गावात कुणीतरी जीपमधून उतरून ‘विकास’ हा शब्द बोलून जात असे. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं की नागपूरला समाजकार्याची पदवी निघाली आहे, ती घेतली की त्या जीपमध्ये बसायला मिळेल. एवढ्या माहितीवर मी नागपूर गाठलं.

सुट्टीत घरी आलो की चुलते ओसरीवर चारचौघांत विचारायचे, “तू काय शिकून राह्यला बे?”

“समाजकार्य, काका.”

“म्हंजे भांडनं तोडतं का?”

“नाही.”

“मंग लग्नं जमोतं?”

“नाही, काका.”

“मंग कॉलेजात करतं काय? समाजाचं काम तं आपला कोतवाल बी करते. त्याले कोनी डिग्री देल्ली?”

सगळे हसायचे. मीही हसायचो. कॉलेजात पुस्तकं इंग्रजी आणि त्यातली माणसं लंडनच्या चाळीत राहणारी. क्लायंट हा शब्द मी शब्दकोशात पाहिला तर तिथे अशील असं लिहिलेलं. पहिलं वर्षभर मला वाटत होतं की आपण वकिलीचीच काही धाकटी शाखा शिकतो आहोत. हळूहळू काही तत्त्वं पाठ झाली. माणसाला आहे तसा स्वीकारावा. त्यानं सांगितलेलं बाहेर जाऊ देऊ नये. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा, आपण घेऊ नये. ही वाक्यं मला फार आवडली, कारण पूर्ण कळलेली तेवढीच होती. कळलेली असं मला वाटत होतं.

आम्हाला शिकवायला एक बाई होत्या, पुण्याकडच्या. स्वभावानं मायाळू. आम्ही काहीही सांगितलं की विचारायच्या, “आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” तोवर मला काय वाटलं हे कुणी कधी विचारलं नव्हतं. या प्रश्नानं मी इतका गोंधळून जायचो की गोंधळलो असंच उत्तर द्यायचो, आणि बाई ते लिहून घ्यायच्या.

शेवटच्या वर्षी खेड्यात राहून काम करायचं होतं. राहण्याची सोय कॉलेजकडे नव्हती, म्हणून ज्याचे नातेवाईक जिथे असतील तिथे त्याला पाठवलं. माझी आत्या जळगाव जामोदजवळच्या एका गावात दिलेली होती. रेल्वेनं नांदुऱ्याला उतरून एसटीनं मी तिच्याकडे पोचलो. आत्यानं पहिल्याच दिवशी आळीभर सांगून टाकलं की भाचा सरकारी साहेब झाला आहे, गावाची चौकशी करायला आला आहे. मी नाही म्हटलं तर ती म्हणाली, “चूप बस. सायब म्हनतेत तं दूध बी चांगलं देतेत.”

माझं काम बालवाडीत होतं. महिला मंडळाच्या खोलीत सकाळी मुलं जमवायची, गाणी म्हणायची, मग दुधाच्या भुकटीचं दूध करून वाटायचं. मला भुकटी कालवता येत नसे, गोळे राहायचे आणि मुलं ते एकमेकांना फेकून मारायची. आत्याच्या शेजारची एक मुलगी मदतीला यायला लागली. मुलगी म्हणतो, पण लग्न झालेली होती, माझ्याच वयाची. सासर पिंपळगाव राजाच्या बाजूला. दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नव्हती. तिच्या बापाची कपाशी होती, विहिरीवर थोडी संत्र्याची झाडं होती. माणूस शांत, पण घरात लेक बसून आहे म्हणून खाली मान घालून चालणारा. तिची सोयरीक माझ्या आतोबांनीच, म्हणजे आत्याच्या यजमानांनीच, जुळवून दिली होती, त्यामुळे आतोबाही अस्वस्थ होते.

ती मला भाऊ म्हणायची. मुलं तिच्या हाताखाली गुण्यागोविंदानं बसायची. एक दिवस मुलं घरी गेल्यावर ती पातेलं घासत होती. मी माझ्या शिक्षणाप्रमाणे, चेहरा अगदी साधा ठेवून विचारलं, “तुम्हाला सासरी काही त्रास आहे का?”

“हाये आन् नाही बी,” ती पातेल्यात पाहत म्हणाली. “मारत नाही मले कोनी. खायाले प्यायाले हाये.”

“मग?”

ती कितीतरी वेळ राख फिरवत राहिली. मग म्हणाली, “लग्न झाल्यापासून त्यानं माह्या अंगाले हात नाही लावला. त्याच्यानं होत नाही, भाऊ. तो बिचारा रडते. आन् सासू मले वांझ म्हनते, नवस करत फिरवते गावोगाव. कोनाले सांगू? मायले सांगतलं तं थे म्हनते चूप राह्य.”

मी स्वीकार करायचा तसा स्वीकार केला. म्हणजे गप्प बसलो. शेवटी विचारलं, “तुम्हाला काय हवं आहे?”

“काडीमोड. दुसरं काय?”

काडीमोड म्हणजे आमच्या शेतकरी समाजातली जुनी सोडचिठ्ठी. चार माणसांसमोर गवताची काडी मोडली की नवराबायको मोकळी. मग बाईचा पाट लागू शकतो, तिचा संसार नव्यानं होऊ शकतो. पण कारण लागतं, आणि ते बैठकीत सगळ्यांच्या कानावर पडावं लागतं. मी तिला म्हणालो की तुम्ही मला सांगितलंत ते माझ्यापाशी राहील. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तिला धीर आला. आता वाटतं, हा काय म्हणतो आहे ते तिला कळलं नसावं.

मग सासरकडून निरोप आला, आणि बैठकीचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी मी आत्याच्या चुलीपुढे भाकर खात होतो. आत्या म्हणाली, “आज तुले बोला लागते बरं.”

“मला कशाला?”

“तिचा मामा गेला ना रे मागच्या साली. बाईची बैठक बसली का बाई दाराआड बसते. असलं काही बापाच्या तोंडून कसं काढाव? मामा बोलते तिच्या वतीनं. मामा नसला तं थे ज्याचं नाव घेईन त्यानं बोलाव. थे तुहंच नाव घेईन, मले मायीत हाये.”

बाहेरून आतोबांचा आवाज आला. “काई गरज नाही. आपल्याले मधात पडाचं काम नाही. सोयरीक माह्या हातची हाये.”

आत्या फुंकणी आपटून म्हणाली, “तुमच्या हातची हाये म्हनूनच तं!”

हे सगळं मी ऐकलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावलं की त्या गावची पद्धत मला ठाऊक नव्हती. ठाऊक होती. ती त्या सकाळी भाकरीबरोबरच माझ्या पुढ्यात वाढली गेली होती.

बैठक तिच्याच बापाच्या ओसरीवर बसली. सतरंजी अंथरली होती. जुने पाटील मधोमध, एका बाजूला सासरा आणि त्याचे भाऊबंद, दुसऱ्या बाजूला बाप, माझे आतोबा आणि गावची आणखी काही माणसं. नवरा खांबाला टेकून बसला होता. सडपातळ, देखणा, नखानं सतरंजीचा दोरा उचकटत होता. मला आतोबांच्या शेजारी बसवलं. आतल्या दाराला कांबळं लावलं होतं, त्यामागे बायका.

सासरा बोलला. सून कामाची आहे, आम्हाला तक्रार नाही, पण दिवाळीला आली ती उगाच बसून राहिली, चार लोक विचारतात. मग पाटील दाराकडे तोंड करून म्हणाले, “माय, कारन काय तुहं? मामा तं नाही आता. कोन बोलते तुह्या वतीनं?”

कांबळ्यामागून तिचा आवाज आला. “मी भाऊले सांगतलं हाये. थे सांगतीन.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नवऱ्यानं दोरा उचकटणं थांबवलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पण ऐकत होता.

मी उठून उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, बैठकीत कुणी उभं राहत नाही. आणि वर्गात बोलावं तसं बोललो, “मला जे विश्वासानं सांगितलं गेलं आहे ते मी इथे सांगू शकत नाही. तो आमच्या शिक्षणाचा नियम आहे.”

कुणाला काही कळलं नाही. पाटलांनी आतोबांना विचारलं, “काय म्हनते हा?” आतोबा म्हणाले, “म्हनते का त्याले काई सांगाचं नाही.” मी म्हणालो नव्हतो तसं. मी त्यांना दुरुस्तही केलं नाही.

इथवर मी सगळ्यांना सांगत आलो आहे. इथून पुढचं कधी सांगितलं नाही.

कांबळ्यामागून पुन्हा आवाज आला, मघापेक्षा मोठा. “भाऊ, सांगा ना. मीच म्हनून राह्यली. सांगा सगळ्याईले.”

म्हणजे जिचं गुपित तिनं स्वतः ते मोकळं केलं होतं. आता माझ्यावर कोणता नियम होता? हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणता येईल. सुचलं होतं की नाही, हेच मला आठवत नाही. बोलायचं तर तो शब्द कोणता बोलायचा, हे डोक्यात चाललं होतं. समोर नवरा बसला होता. बाजूला आतोबांचा गुडघा माझ्या पायाला लागत होता, तो त्यांनी मुद्दाम लावला होता की बसायला जागा कमी होती कुणास ठाऊक. आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघालं, तेही पाठ केलेलंच. मी दाराकडे पाहून म्हणालो, “तुमचा निर्णय तुम्हीच घ्यायचा असतो.”

कुणीतरी फिसकन हसलं. आत बायकांत काहीतरी कुजबूज झाली आणि थांबली. पाटील थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे कारन नाही.” तिच्या बापाकडे वळून म्हणाले, “लेकीले समजाव बाबा. असं बिनकारनाचं घर मोडता येत नाही.”

त्याच दुपारी सासरच्यांनी आणलेली दमणी जुंपली. ती डोक्यावरून पदर घेऊन बैलगाडीत चढली. बाप दाराशी आला नाही. मी आतोबांच्या मागे उभा होतो. आत्यानं मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, “तुहं शिक्षन तं भारीच हाये बाप्पा.” त्यानंतर माझा मुक्काम संपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

कॉलेजच्या बाई पुढच्या भेटीला आल्या तेव्हा बालवाडीच्या पायरीवर बसून मी त्यांना सांगितलं. सगळ्यांनी विचारलं, मी सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. “इतक्या दबावात! शाब्बास.” मग नेहमीचा प्रश्न, “आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“गोंधळलो.”

“गोंधळणं वाईट नाही. नियम सोडला नाहीत हे महत्त्वाचं.”

दुसऱ्यांदा आलेला आवाज मी त्यांना सांगणार होतो. सांगायला वेळही होता, बस यायला पुष्कळ अवकाश होता. बाई बालवाडीतल्या मुलांची चित्रं पाहत बसल्या होत्या. मी सांगितलं नाही. कॉलेजात परतल्यावर त्यांनी वर्गात माझं उदाहरण दिलं. मुलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला पदवी मिळाली, पुढे सरकारी नोकरी मिळाली, जीपही मिळाली.

नंतरच्या नोकरीत नव्या कार्यकर्त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा हा प्रसंग मी सांगू लागलो. सांगता सांगता तो सुबक होत गेला. माझं उभं राहणं त्यात धाडसाचं झालं. एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “सर, समजा त्या बाईच म्हणाल्या असत्या की सांगा, तर?”

मी म्हणालो, “तसं सहसा होत नाही.” आणि पुढचा मुद्दा घेतला.

मी त्या मुलीकडे परत पाहिलं नाही. ती आता बहुधा निवृत्त झाली असेल. तिनं हे वाचलं तर तिला तिचं उत्तर मिळेल.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या तेरवीला मी पिंपळगाव राजाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मांडवात खुर्चीवर बसलो होतो. एक म्हातारी जवळ येऊन उभी राहिली. शिडशिडीत, ताठ, हातात काठी, पण तिच्यावर टेकत नव्हती.

“तुमी बालवाडीतले भाऊ ना?”

मी ओळखलं. उठायला गेलो तर म्हणाली, “बसा बसा, तुमचे गुडघे माह्यापेक्षा जुने दिसतेत.” आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. नवरा कधीच वारला होता. दिराच्या मुलाजवळ राहत होती. तिनंच सगळं सांगितलं, मला विचारावं लागलं नाही. “तो मानूस वाईट नव्हता. त्याले भेव वाटे का मी कोनाले सांगीन. मले भेव वाटे का तो जीव देईन. असं एकमेकाईचं भेव सांभाळत संसार केला.”

“लोक?”

“वांझ म्हनत. आता म्हननारे बी कमी उरले.”

मग तिनं एकदम विचारलं, “भाऊ, त्या दिवशी तुमी काऊन नाही बोलले?”

मी तिला गोपनीयतेचा नियम सांगू लागलो. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, “मले वाटे तुमाले कोनं शपथ घातली असन. मी इचार करू करू थकली. मंग थे नियम होता का भेव होतं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

ती हसायला लागली. “घ्या! मले वाटे, तुमाले तरी माहीत असन.”

मी म्हणालो, आता सांगतो, तुझ्या घरच्यांना सांगतो, म्हणशील त्याला सांगतो. मी तिला अगं-तुगं करतो आहे हेही लक्षात आलं नाही.

“या घरी कायले? इथं सगळ्याईले मायीत हाये. सासूनं बी जाताना माहा हात धरला. सांगाचं असन तं माह्या माहेरी सांगा. त्या दिवसापासून मले मुराळी आला नाही.”

आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना सासरहून आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. घरोघर झोके बांधलेले असतात. बैठकीत खोटी ठरलेल्या लेकीला आणायला बाप गेला नाही. बाप वारल्यावर भाऊही गेला नाही. तो बैठकीच्या वेळी लहान होता.

“मेल्यावर नेतीन तं काय उपेग?” ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या पुतण्यानं हाक मारली आणि ती उठून गेली.

जायला मला महिने लागले. आजारी होतो हे कारण सांगता येईल, आणि मी आजारी होतोही. शेवटी गेलो. आत्याचं घर आता दुसऱ्यांचं आहे. शेजारचं घर मात्र तिथेच, वर स्लॅब पडलेला. तिचा भाऊ अंगणात बाजेवर बसला होता. मी ओळख दिली. पाणी आलं, चहा आला. मी घसा खाकरून सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, “मायीत हाये मले. माय जाताना सांगून गेली.”

मला धक्काच बसला. “मग बहिणीला आणलं का नाही?”

“काय म्हनून आनू? चार मानसाईत थे खोटी ठरली. मायनं माह्या कानात सांगतलं म्हनून का मी गावभर सांगत फिरू? कोनी समोर येऊन बोलले का?”

मला त्याचा राग आला. अशी कशी माणसं ही, माहीत असून आयुष्यभर गप्प राहिली. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे वाक्य कुणाला लागू पडतं. राग होता तो तसाच राहिला, फक्त कुणावर ठेवावा ते कळेना.

तो उठला. म्हणाला, “चाला. त्या बैठकीतला एकच जन जिता हाये गावात. त्याच्यापुढं बोला.” त्याची बायको, सुना, सगळ्या मागून निघाल्या. पलीकडच्या ओट्यावर एक अतिशय म्हातारा माणूस उन्हाला बसला होता. बैठकीच्या वेळी तो नुकताच मोठ्या माणसांत बसू लागला होता.

मी वाकून सावकाश सांगितलं.

“आं?”

“त्याईले ऐकू येत नाही,” सून म्हणाली. “कानात बोंबला लागते.”

मी जोरात सांगितलं.

“आं? कोनाची बैठक?”

गल्लीतली दारं उघडली. दुकानासमोरची माणसं इकडे पाहू लागली. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जितका आवाज उरला आहे तितक्या आवाजात ओरडलो, “तिच्या नवऱ्याच्यानं होत नव्हतं! तिनं मला सांगितलं होतं! बैठकीत सांगा म्हणाली, मी सांगितलं नाही! ती खोटी नव्हती!”

म्हाताऱ्यानं डोळे मिचमिचे केले. मग म्हणाला, “मंग तवाच काऊन नाही सांगतलं बे? काडीमोड देली असती ना. त्याच्याचसाठी तं बसलो होतो.”

म्हणजे ते वाट पाहत होते. पाटील थांबले होते ते यासाठी. त्यांच्या मनात काय आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती, आणि आजही म्हाताऱ्याचं बोलणं खरं मानावं की इतक्या वर्षांनी त्याला तसं वाटतं आहे, हे मी ठरवू शकत नाही. मी ओट्याच्या कडेला बसलो. तिचा भाऊ जमिनीकडे पाहत उभा होता.

त्याची बायको सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, “मंग आता मुराळी कोन जाते?”

“पाहू,” तो म्हणाला.

“पाहू म्हंजे? आयकलं ना सगळ्या गल्लीनं?”

तो घराकडे वळला. मी शेवटच्या बसनं परतलो. तो जाईल की नाही मला माहीत नाही. आखाजी अजून यायची आहे. बैठकीतली बाकी माणसं गेली, पण त्यांची मुलं-नातवंडं त्या गावात आणि पिंपळगाव राजाच्या बाजूला आहेत. माझ्याकडे शिकलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं. त्या बाईनं बैठकीत सांगितलं ते खरं होतं. तिच्याकडे कारण होतं, ते तिनं मला सांगितलं होतं, आणि सगळ्यांसमोर बोला असं मला स्वच्छ शब्दांत म्हटलं होतं.